‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. शिकाऊ डॉक्टरांचा म्हाताऱ्या पेशंटकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलायला हवा

देहूरोड : देहूरोड, किन्हई, शेलारवाडी, मामुर्डी भागातल्या म्हाताऱ्या माणसाचं दुखणं वाढलं की घरचे त्याला पिंपरीला नाहीतर पुण्याला नेतात. महापालिकेचं वायसीएम असो, पिंपरीतलं डी. वाय. पाटील असो की पुण्याचं ससून, तिन्ही ठिकाणी डॉक्टरांचं शिक्षणही चालतं. अशा मोठ्या रुग्णालयात पेशंटला आधी तपासतो तो बऱ्याचदा शिकाऊ डॉक्टर. तो म्हाताऱ्या माणसाकडे कसं बघतो, यावर पुढचं बरंच ठरतं.

“आजोबा, वय झालं आता, एवढं चालायचंच.” असं म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण धोका तिथेच आहे. उतारवयात आजार नेहमीच्या रूपात येतोच असं नाही. न्यूमोनिया होऊनही ताप नसतो, माणूस नुसता बरळतो किंवा तोल जाऊन पडतो. हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो. दम लागतो, घाम फुटतो, अंग गळून जातं. हे वयावर ढकललं तर उपचाराची वेळ हातची जाते.

तरुण डॉक्टर असं का वागतात? एक कारण गर्दी. म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतं, तक्रारी चार-पाच असतात, गोळ्या पिशवीभर. हे सगळं ऐकायला वेळ लागतो आणि ओपीडीत तोच नसतो. दुसरं, वॉर्डात त्यांना खाटेला खिळलेलेच म्हातारे दिसतात. पंचाहत्तरीतही बांधावर जाणारा, पायी वारी करणारा म्हातारा तिथे येत नाही. मग म्हातारपण म्हणजेच आजार, अशी समजूत होते.

तिसरं कारण शिक्षणाचं. एमबीबीएसला लहान मुलांच्या आजारांचा स्वतंत्र विषय आहे, म्हाताऱ्यांचे आजार मात्र मेडिसिनमधला एक छोटा भाग. या विषयात एमडी करायची सोय मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ मध्ये सुरू झाली, तरी असे तज्ज्ञ आजही थोडेच आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरात जवळपास दहा जण साठीच्या पुढचे होते.

कायदा म्हाताऱ्यांच्या बाजूने आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २० सरकारी रुग्णालयांत वेगळी रांग आणि शक्य तितक्या खाटा द्यायला सांगतं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण कार्डाने बिल भागतं, ऐकून घेणारा डॉक्टर कार्डावर मिळत नाही.

एक चांगली गोष्ट म्हणजे, एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना आता गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या घरी वरचेवर जावं लागतं. असे विद्यार्थी गावात आले तर त्यांना फक्त आजारी माणसं दाखवू नयेत. धडधाकट आजी-आजोबांशीही त्यांची गाठ घालून द्यावी.

घरच्यांनीही काही गोष्टी पाळाव्यात. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांसकट, सोबत न्याव्यात. डॉक्टरने विचारलं की आधी पेशंटला बोलू द्यावं, मधेच तोडू नये. आणि महत्त्वाचं म्हणजे, माणूस आधी कसा होता ते सांगावं. “परवापर्यंत स्वतः चालत होते, कालपासून उठता येईना” एवढं ऐकलं की हे वयाचं नाही, काहीतरी नवीन झालंय, हे शिकाऊ डॉक्टरच्याही लक्षात येतं.