पिलाताच्या हातातली माफी



उपवासकाळात धर्मशिक्षणाच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो : पिलाताला बरब्बाला सोडता आलं, मग निर्दोष येशूला का नाही? आम्ही मुलांना सांगतो की माफी पिलाताच्या हातातच होती. त्याने ती गर्दीला विचारून दिली आणि हात धुतले.

राज्यघटना लिहिणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. माफीचा अधिकार एका माणसाला दिला, तर तो विकलाही जाऊ शकतो. कुणालाच दिला नाही, तर चुकीने दोषी ठरलेल्याला कोर्टानंतर दार उरत नाही.

अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची घटना आहे. टेक्सासने 1936 साली घटनादुरुस्ती करून गव्हर्नरचे हात बांधले. मंडळाच्या लेखी शिफारशीशिवाय त्याला माफी देता येत नाही. मृत्युदंड तो स्वतःहून एकदाच, 30 दिवस पुढे ढकलू शकतो. इलिनॉयच्या 1970 च्या घटनेने वेगळी वाट धरली. दोषी ठरलेल्याला माफ करण्याचा पूर्ण अधिकार गव्हर्नरला दिला आणि गव्हर्नरवर महाभियोग चालवण्याचा अधिकार विधिमंडळाला.

दोन्ही अधिकार पुढे वापरले गेले. जानेवारी 2003 मध्ये, पद सोडण्याच्या तोंडावर, गव्हर्नर जॉर्ज रायन यांनी मृत्युदंडाच्या चौघा कैद्यांना माफी दिली आणि 167 जणांचा मृत्युदंड कमी केला. त्या राज्यात मृत्युदंड झालेले अनेक जण पुढे निर्दोष ठरले होते. 2006 मध्ये हेच रायन भ्रष्टाचारासाठी दोषी ठरले. त्यांच्यानंतरचे गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच यांना 2009 मध्ये सिनेटने 59 विरुद्ध 0 मतांनी पदावरून काढलं.

रायन तुरुंगात गेले, म्हणून वाचलेले प्राण परत घेतले गेले नाहीत. आपल्याला हे समजायला कठीण नाही. याजक पापी असला तरी त्याच्या हातचा संस्कार खोटा ठरत नाही, असं ख्रिस्तसभा शिकवते. कृपा देणाऱ्याच्या मालकीची नसते. पण म्हणून याजकाला जाब विचारायचा नाही, असंही नाही.

आमचं मत इलिनॉयच्या बाजूने आहे. माफीचं दार अरुंद करू नये. दाराशी बसलेल्याला जाब विचारावा. मात्र त्यात एक भर हवी. ज्यांचा मुलगा, मुलगी मारली गेली, त्या आईबापांचं म्हणणं आधी ऐकलं जावं आणि माफीची कारणं लेखी द्यावीत. दया करणाऱ्याने त्यांच्या अश्रूंकडे पाठ फिरवली, तर तेही हात धुणंच आहे.

आपल्या देशात अनुच्छेद 161 राज्यपालांना माफीचा अधिकार देतो. तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. राज्यपालांवर महाभियोगाची तरतूद नाही. तो राष्ट्रपतींसाठी आहे. म्हणून जाब विचारायचा तो मतदारांनी, सल्ला देणाऱ्या सरकारला. मतदार म्हणजे आपणच. एखाद्या कैद्याच्या दयेच्या अर्जाची बातमी आली की आपण काय म्हणतो? "लटकवा एकदाचा" असं चहा पिताना आपल्याही तोंडून निघतं. तेव्हा आपण पिलाताच्या अंगणातल्या गर्दीत उभे असतो.

या शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या पहिल्या स्थानी, पिलातापुढे, थोडं जास्त थांबू या. माफी ज्यांच्या हाती आहे त्यांच्यासाठी प्रार्थना करू या, आणि ज्या आवाजाला ते घाबरतात त्या आपल्या आवाजासाठीही.