म्हैस, बिल्ला आणि अनुदानाचा अर्ज

पस्तीस वर्षे मी बँकेत बसून लोकांचे अर्ज तपासले. अर्जदार टेबलापलीकडे, खुर्चीच्या कडेला टेकून बसलेला. मी अलीकडे, हातात लाल पेन घेऊन. निवृत्तीनंतर जागा बदलली. गेल्या वर्षी जूनमध्ये बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेसाठी मुंबईच्या एका खासगी धर्मादाय प्रतिष्ठानाकडे अनुदानाचा अर्ज लिहायला बसलो, तेव्हा ती खुर्चीची कड किती टोचते ते प्रथमच कळले.

संस्था म्हणजे पत्र्याच्या चार खोल्या, एक स्वयंपाकघर आणि चाळीस मुली. त्यांचे आईबाप ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, त्यांच्या भाषेत एकेक ‘कोयता’, दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. मुलगी बरोबर गेली की शाळा तुटते. फडावर ती धाकटी भावंडे सांभाळते, आणि थोडी मोठी झाली की तिचे लग्न उरकून टाकतात. ती गावात राहिली तर शिकते. म्हणजे प्रश्न एवढाच, की ते पाच-सहा महिने तिला जेवू कोण घालणार आणि रात्री तिच्या सोबतीला कोण झोपणार?

अर्ज बावीस पानांचा होता आणि इंग्रजीत होता. नोंदणीची प्रमाणपत्रे, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब, विश्वस्तांची ओळखपत्रे, आयकराच्या त्या नोंदण्या, ज्यांना कार्यकर्ते अजून ‘बारा-ए’ आणि ‘ऐंशी-जी’ म्हणतात. याबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्याचा पैसा वाटणाऱ्याने कागद मागितलेच पाहिजेत. धर्मादायाच्या पाट्या लावून घरे बांधणारी मंडळी आपण सर्वांनी पाहिली आहेत.

अडचण पुढे आली. ‘आउटपुट’, ‘आउटकम’ आणि ‘इम्पॅक्ट’ असे तीन रकाने होते. संस्था चालवणाऱ्या ताईंनी विचारले, “काका, मुलगी दहावीला बसली हे यातल्या कुठल्या रकान्यात टाकायचं?” मी कादंबऱ्या लिहिल्या आहेत, पण या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. मग आला अंदाजपत्रकाचा तक्ता. टॅब, कपाटे, गाद्या यांना पैसे मिळू शकत होते. मुलींजवळ रात्री झोपणाऱ्या बाईंचा पगार मात्र ‘प्रशासकीय खर्च’ ठरत होता आणि असा सगळा खर्च दहा टक्क्यांच्या आत बसवायचा होता. ज्या एका माणसावर वसतिगृह उभे आहे, तोच वरखर्च!

मी प्रतिष्ठानाच्या अधिकारी बाईंना फोन केला. त्या तरुण होत्या, सौजन्याने बोलल्या. म्हणाल्या, “सर, मला पटतंय. पण माझ्या फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.”

हे वाक्य माझ्या ओळखीचे होते. ऐंशीच्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जे वाटताना मी ते कितीतरी वेळा वापरले होते. त्या काळी दुभत्या जनावरासाठी कर्ज आणि अनुदान मिळे. म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला मारायचा, फोटो काढायचा आणि फाईल बंद करायची. आमच्या शाखेत एकदा तीन फायलींमध्ये एकच म्हैस निघाली. बिल्ले तेवढे तीन वेगळे. तिन्ही अर्ज बिनचूक होते. त्याच महिन्यात एका विधवेला मी परत पाठवले होते, कारण सातबाऱ्यावर तिचे नाव चढलेले नव्हते. तिच्या गोठ्यात खरोखरीच म्हैस होती, तिला दुसरी हवी होती. कागद बघून माणूस कळतो, असे मानण्याची ती शिक्षा होती. भोगली मात्र तिने.

म्हणून त्या अधिकारी बाईंना दोष देणे मला जमत नाही. त्यांच्यामागेही साखळी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामासाठी खर्च करणे बंधनकारक केले. १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झाले आणि देणगीच्या व्यवहारात कंपनीची शिस्त शिरली. कंपनीने या कामावरचा स्वतःचा प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत ठेवावा, असा नियम आहे. तो कंपनीसाठी आहे. पण वरच्याने सोसलेला चिमटा खालच्याला काढायचा, ही कचेऱ्यांची जुनी रीत आहे. विदेशी देणग्यांच्या बाबतीत २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि असा पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देण्यास बंदी घातली. मोठ्या संस्थेच्या पंखाखाली तग धरणाऱ्या छोट्या संस्थांचा तो आधार गेला, आणि त्या देशी प्रतिष्ठानांच्या दारात रांगेला लागल्या. २०२३ च्या वित्त कायद्याने आणखी एक गाठ मारली. एका धर्मादाय संस्थेने दुसरीला शंभर रुपये दिले, तर देणारीच्या आयकराच्या हिशेबात पंच्याऐंशीच खर्च धरायचे. यातला एकेक नियम सुटा घेतला तर समर्थनीय वाटतो. सगळे एकत्र आले की देणाराच भेदरतो, आणि भेदरलेला देणारा मोजता येईल तेवढेच देतो. टॅब मोजता येतो. रात्रीची सोबत मोजता येत नाही.

दान पूर्वी निरपेक्ष होते, असे मात्र म्हणू नये. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली तीही सशर्त, मातोश्रींचे नाव देण्याच्या अटीवर. पण ती अट पाटीवरच्या नावाची होती. आजची अट कामाच्या पोटात शिरते. दुसरीकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुष्टिफंड उभा केला. घरोघरच्या बायांनी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि त्यावर वसतिगृहातली मुले जेवायची. त्या धान्याला अर्ज लागला नाही, कारण देणारीला ती मुले दिसत होती.

आमच्या अर्जाचे काय झाले? जूनमध्ये पाठवला, डिसेंबरात खुलासे मागवले गेले, मंजुरी मार्चमध्ये आली. तोवर गळीत हंगाम संपत आला होता. वरातीमागून घोडे, दुसरे काय! वाण्याची उधारी वाढवून ताईंनी एकोणतीस मुली ठेवून घेतल्या. अकरा जणी कोयत्याबरोबर गेल्या. उन्हाळ्यात त्यांतल्या आठ शाळेत परतल्या. उरलेल्या तिघींचा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही.

गादी-कपाटांचे पैसे आम्ही घेतले, टॅबचे नाकारले. बाईंचा पगार सध्या गावातले चार शिक्षक आणि एक औषध-दुकानदार वर्गणी काढून देतात. मुष्टिफंडच म्हणा.

आपल्यापैकी अनेक निवृत्त मंडळी कुठल्या ना कुठल्या संस्थेवर विश्वस्त असतात. त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द. अर्ज करण्याआधी त्या प्रतिष्ठानाने मागची तीन वर्षे कोणाला आणि कशासाठी पैसे दिले ते पाहा. आपले काम त्यात बसत नसेल तर शाई वाया घालवू नका. आधी दोन पानांची टिपणी पाठवून कल विचारा. पैसा हातात कधी पडायला हवा ती तारीख पहिल्याच परिच्छेदात लिहा. पगार लपवू नका. काम करणाऱ्याचा पगार म्हणजेच काम, हे आकड्यांनी मांडा. आणि अनुदानासाठी कामाला मुरड घालू नका. मुरडलेले काम पुन्हा सरळ होत नाही.

देणाऱ्यांकडेही मागणे आहे. अर्ज मराठीत घ्या. नकार द्यायचा तर लवकर आणि कारणासह द्या. आणि मंजुरीपूर्वी एक रात्र तिथे मुक्काम करा. तपासणीला दुपारी गेले की फक्त बिल्ला दिसतो, हे मी स्वानुभवाने सांगतो.

यंदाचा अर्ज नुकताच पाठवला. तो दुसऱ्या एका प्रतिष्ठानाकडे गेला आहे. ताईंनी सांगितले आणि मी लिहिले. पहिले वाक्य असे आहे : ‘चाळीस मुलींच्या सोबतीला रात्री झोपणाऱ्या एका बाईचा पगार आम्हाला दसऱ्याच्या आत हवा आहे.’