आयर्लंडची आशा उपान्त्यपूर्व फेरीतच का अडते?

(विशेष प्रतिनिधी)

१४ ऑक्टोबर २०२३ ची रात्र आयर्लंडचे रग्बीप्रेमी सहजी विसरणार नाहीत. सलग १७ सामने जिंकून, जागतिक क्रमवारीत अव्वल स्थानी राहून त्यांचा संघ विश्वचषकाच्या उपान्त्यपूर्व फेरीत उतरला होता. पुढे जगज्जेता ठरलेल्या दक्षिण आफ्रिकेला त्याने गटात १३-८ असे नमविले होते. न्यूझीलंडविरुद्ध अखेरच्या मिनिटांत आयर्लंडने तब्बल ३७ टप्पे चेंडू आपल्याकडे राखला. पण गोलरेषा ओलांडता आली नाही. २८-२४ असा पराभव पदरी आला. हातातोंडाशी आलेला घास चार गुणांनी हिरावला गेला.

हे दुःख नवे नाही. १९८७ ते २०२३ या काळातील दहा विश्वचषकांपैकी आठ वेळा आयर्लंड याच फेरीत गारद झाला. १९९९ मध्ये तर या फेरीच्या आधीच अर्जेंटिनाने त्याला रोखले. २००७ मध्ये आयरिश क्रिकेटपटूंनी पाकिस्तानला हरवून जगाला चकित केले. रग्बीचा संघ मात्र त्याच वर्षी गटातूनच परतला. थोडक्यात, विश्वचषकात बाद फेरीचा एकही सामना या संघाने जिंकलेला नाही.

याला केवळ मानसिक दुर्बलता म्हणणे सोपे असले, तरी न्याय्य नाही. १९९१ मध्ये डब्लिनला ऑस्ट्रेलियाने अखेरच्या क्षणी १९-१८ असा विजय हिसकावला. २०१५ मध्ये कर्णधार पॉल ओकॉनेल आणि जॉनी सेक्स्टन जायबंदी होते. २०१९ मध्ये संघाचा बहर वर्षभर आधीच ओसरला होता. २०२३ च्या गटांची सोडत तर स्पर्धेच्या जवळजवळ तीन वर्षे आधी काढण्यात आली होती. परिणामी आयर्लंड, दक्षिण आफ्रिका, फ्रान्स व न्यूझीलंड हे चारही बलाढ्य संघ एकाच बाजूला आले. कारणे दरवेळी निराळी, निकाल तोच.

१ ऑक्टोबर २०२७ पासून ऑस्ट्रेलियात होणाऱ्या स्पर्धेची सोडत डिसेंबर २०२५ मध्ये झाली. आयर्लंडच्या गटात स्कॉटलंड, उरुग्वे आणि पोर्तुगाल आहेत. पैकी स्कॉटलंडला त्याने मागील दोन्ही विश्वचषकांत हरविले आहे. संघांची संख्या मात्र २० वरून २४ झाली असून, उपान्त्यपूर्व फेरीआधी १६ संघांची आणखी एक बाद फेरी आली आहे. म्हणजे बाद फेरीतील पहिलावहिला विजय मिळाला, तरी आयर्लंड पुन्हा त्याच जुन्या उंबरठ्यावर उभा असेल! शिवाय २०२३ नंतर निवृत्त झालेल्या सेक्स्टनची जागा घेणाऱ्या तरुणांना तोवर अशा दडपणाची सवय व्हावी लागेल.

तरीही चाहता आशा सोडत नाही, त्यामागे केवळ खेळाचे प्रेम नाही. आयर्लंडचे बेट १९२१ मध्ये राजकीयदृष्ट्या विभागले गेले. रग्बीचा संघ मात्र अखंडच राहिला. बेलफास्टचा आणि डब्लिनचा खेळाडू एकच हिरवी जर्सी घालतो. दोन्ही बाजूंना आपलेसे वाटावे म्हणून १९९५ पासून संघासाठी स्वतंत्र गीतही आहे. ज्या बेटावर ध्वज आणि राष्ट्रगीत हेच वादाचे विषय ठरले, तेथे एकत्र बसून जिंकण्याची वाट पाहता येणे हीदेखील लहान गोष्ट नव्हे. म्हणूनच तेथील चाहत्याचे मागणे माफक आहे : विश्वचषक नंतर पाहू, आधी एकदा तो उंबरठा ओलांडा.