अनोळखी लोकर

लिंबागणेश हें बालाघाटच्या पठारावरील गांव. या पठारावर धनगरांच्या दख्खनी मेंढरांची लोकर राठ, आंखूड तंतूची व बहुधा काळी असते. ती कांतून, ताण्यास चिंचोक्यांची खळ देऊन, मागावर घोंगडें विणतात. सुयांवर विणणारे हात मात्र ‘टोंचते’ म्हणून तिला दूर सारतात. बाजारांतील मऊ लोकरीच्या मापानें तिची पारख करणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

अनोळखी धाग्याचा स्वभाव आधीं जाणून घ्यावा. जाड सुयांवर, सैल टाक्यांनीं 15 सेंटिमीटरचा चौकोन विणावा; तो मोजावा, धुवावा व वाळल्यावर पुन्हां मोजावा. कढत पाण्यांत चोळल्यास लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात व वीण आटते. कापसाच्या सुताचे तंतू असे गुंतत नाहींत. बाळाचें टोपडें या लोकरीचें करूं नये. आसन किंवा पिशवी अवश्य करावी.

घोंगड्यांची मागणी घटल्यामुळें आज या लोकरीच्या विक्रींतून कातरणीची मजुरीही अनेकदां सुटत नाहीं आणि ती टाकून द्यावी लागते. म्हणून निदान एक आसन तरी तिचें विणून पाहावें, अशी वाचकांस आमची विनंती आहे.