अधूनमधून पेटणारा दिवा

नव्या मोंढ्यातील व्यापारी वसुलीसाठी सकाळी भोकरदनकडे निघतो. राजूरच्या अलीकडे गाडीच्या फलकावर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा उजळतो. गाडी मात्र नेहमीसारखीच चालत असते. दुकानाच्या व्यापातून गॅरेजला जाण्याची सवड दोन-तीन दिवसांनी मिळते, तोवर दिवा विझलेला असतो. कारागीर बॉनेट उघडतो, इंजिनाला कान देतो आणि म्हणतो, “शेठजी, आता तर काहीच दिसत नाही.” आठवड्याने अंबडच्या रस्त्यावर तोच दिवा पुन्हा हजर होतो. मग घरात दोन मते पडतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, गाडी चालते आहे ना, मग उगाच खर्च कशाला? तरुण मुलगा म्हणतो, सेन्सर बदलून मोकळे व्हा. दोन्ही मते घाईचीच आहेत.

दिवा विझला म्हणजे दोष गेला असे नाही. गाडीतील संगणक इंजिनाच्या प्रत्येक नोंदीवर सतत लक्ष ठेवतो. दोष आढळला की तो दिवा लावतो आणि त्या दोषाचा सांकेतिक क्रमांक स्मरणात ठेवतो. पुढच्या काही फेऱ्यांत, साधारणपणे सलग तीन फेऱ्यांत, दोष दिसला नाही तर दिवा आपोआप विझतो. क्रमांक मात्र त्यानंतरही बराच काळ टिकून राहतो. त्याच्यासोबत त्या क्षणाची स्थितीही नोंदलेली असते: गाडीचा वेग किती होता, इंजिनाचे फेरे किती, पाणी किती तापले होते, इंजिनावर भार किती होता. रोजमेळात रकमेपुढे तारीख आणि तपशील लिहावा तशीच ही नोंद असते. भारतात भारत स्टेज ४ च्या मोटारींना ही स्वयंनिदान व्यवस्था लागू झाली आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ मध्ये ती अधिक काटेकोर झाली.

म्हणून पहिला नियम असा की नोंद वाचण्यापूर्वी ती पुसू नये. बॅटरीची तार काढून पुन्हा जोडली की अनेक गाड्यांचा दिवा विझतो, परंतु त्याबरोबर पुरावाही जातो. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला सोळा पिनांची जोडणी असते. तेथे स्कॅनर लावून क्रमांक आणि सोबतचा तपशील वहीत उतरवून घ्यावा. दिवा कधी पेटला, सकाळी थंड इंजिनावर की दुपारच्या उन्हात, पावसानंतर की पेट्रोल भरल्यानंतर, हेही त्यापुढे लिहावे. अधूनमधून येणाऱ्या दोषाचा उलगडा बहुधा या वहीतूनच होतो. केवळ ओलाव्यात येणारा दोष ठिणगीच्या कॉइलकडे किंवा पाणी शिरलेल्या जोडणीकडे बोट दाखवतो. केवळ खड्ड्यांत येणारा दोष सैल तारेकडे.

दुसरी गोष्ट, क्रमांक दोषाचे लक्षण सांगतो, बदलायचा भाग सांगत नाही. पी ०१७१ याचा अर्थ मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी आहे, एवढाच. त्यामागे फाटलेली हवेची नळी असेल, दुबळा इंधनपंप असेल किंवा हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलेली धूळ असेल. येथे थेट ऑक्सिजन सेन्सर बदलला तर पैसे जातात आणि दिवा राहतो. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते. ज्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असते, तेथे पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर लावून गाडी चालवावी. पुढच्या वेळी क्रमांक पी ०३०३ असा आला तर दोष कॉइलसोबत सरकला हे सिद्ध होते. या परीक्षेला एक रुपयाचाही सुटा भाग लागत नाही.

खर्चाच्या भागाकडे वळण्यापूर्वी साध्या गोष्टी पाहाव्यात. बॅटरीची टोके, इंजिनाची अर्थिंगची पट्टी, तारांच्या जोडण्या, एअर फिल्टर. इंजिन चालू ठेवून एकेक जोडणी हलकेच हलवावी. हलवताच इंजिन अडखळले तर दोष तेथेच आहे. मात्र फिरत्या पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात दूर ठेवावा. जालन्यात आणखी एक कारण विसरून चालत नाही. बियाणे व धान्याच्या गोदामाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर ऊब शोधत येतात आणि तारा कुरतडतात. अर्धवट कुरतडलेली तार कधी जुळते, कधी सुटते, आणि दिवाही तसाच वागतो. उंदरांसाठी विष ठेवण्याची गरज नाही. गाडी गोदामापासून दूर, उजेडात उभी करावी, सांडलेले दाणे रोज झाडून घ्यावेत, बॉनेटखाली बारीक जाळी बसवावी आणि गाडी फार दिवस एका जागी ठेवू नये.

दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते. तो लुकलुकू लागला तर मात्र वेग कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी. न जळलेले इंधन धुराड्याच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे जळते, आणि शे-दोनशे रुपयांच्या प्लगची हयगय हजारो रुपयांना पडते. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर इंजिन लगेच बंद करावे. समृद्धी महामार्गावर कुटुंबासह निघण्यापूर्वी, दिवा विझलेला असला तरी, शिल्लक क्रमांक एकदा वाचून घ्यावेत.

दुरुस्तीनंतर क्रमांक पुसून, ज्या परिस्थितीत दिवा पेटत होता त्याच परिस्थितीत गाडी पुन्हा चालवावी. वहीत सलग काही फेऱ्या निरंक गेल्या तरच कारागिराचे बिल योग्य कामाचे ठरते.

गाडी विकण्याची वेळ आली की या दिव्याची खरी परीक्षा होते. सौद्याच्या सकाळी स्कॅनरने क्रमांक पुसला तर फलक स्वच्छ दिसतो आणि किंमत चढते. क्रमांक नुकताच पुसल्याचे स्कॅनरवर जाणकाराला कळते, कारण संगणकाच्या अंतर्गत तपासण्या अपुऱ्या दिसतात. परंतु घेणारा जाणकार नसला तर? तो आपल्या मुलाबाळांना घेऊन त्याच गाडीतून निघणार असतो. वजनात मापात खोट न करणाऱ्या दुकानाने येथेही ती करू नये. दोष असेल तसा सांगावा, वही त्याच्या हाती द्यावी आणि मगच किल्ली द्यावी.