प्रार्थनेच्या यादीत नसलेला आजार



रविवारच्या मिस्सेत आजाऱ्यांची नावं वाचली जातात. कुणाचा हृदयविकार, कुणाचं डायलिसिस, हल्ली कॅन्सरसुद्धा लोक लपवत नाहीत. पण क्षयरोग्यासाठी उघडपणे प्रार्थना केलेली मी आमच्या बेळगावात आजवर ऐकली नाही. दोन वर्षांपूर्वी माझंच नाव द्यायची वेळ आली, तेव्हा मीही ते दिलं नाही. म्हणून हे पत्र.

तीन आठवडे खोकला, संध्याकाळी कणकण, आणि पट्ट्याला पाडावं लागलेलं नवं भोक. थुंकी तपासली, टी.बी. निघाला. रॉबर्ट कॉकनी १८८२ साली हा जंतू शोधला, तो हवेतून पसरतो, पूर्वजन्मीच्या पापानं होत नाही, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून शिकवलं. आणि घरी येऊन बायकोला पहिलं वाक्य बोललो ते, "कुणाला सांगू नको." फादरना सांगितलं, गुडघा दुखतो, मिस्सेला येणं जमणार नाही. सत्तरी ओलांडलेल्या शिक्षकानं सांगितलेलं हे साधं खोटं.

लपवलं तरी लपत नाही. औषध घेऊन आला तो माझाच एक जुना विद्यार्थी, सातवीत दोनदा बसलेला, आता आरोग्य खात्यात आहे. कन्नड फॉर्म त्यानंच भरून दिला. मग सहा महिने त्याचा फोन ठरलेला, "सर, गोळी घेतलासा काय?" शेजारच्या भाभींनी काही न विचारता रोज दोन उकडलेली अंडी पाठवायला सुरुवात केली. पहिले काही दिवस मी पडवीत बसत असे, तर समोरचे दुकानदार अण्णा रस्त्यापलीकडूनच मोठ्यानं पेपरातल्या बातम्या सांगत. बायकोची तपासणी डॉक्टरांनी स्वतः मागे लागून करून घेतली. यातल्या कुणीही माझी कीव केली नाही. प्रत्येकानं आपल्या वाट्याचं एकेक काम केलं, आणि त्या सगळ्यांचं मिळून मी बरा झालो.

या आजारात हे एकेक काम फार मोलाचं असतं. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट. पण गोळ्यांनी मळमळतं, लघवी केशरी होते, अन्नावरची वासना जाते. दोन महिन्यांत बरं वाटू लागतं आणि नेमकं तिथंच माणूस गोळ्या सोडतो. अर्धवट सोडल्या की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. तेव्हा डॉक्टरांइतकाच आठवण करून देणारा माणूस लागतो. जो रोगी लाजेनं दडून बसतो, त्याला तोच मिळत नाही.

माझे वडील मी लहान असताना मिरजेजवळ वानलेसवाडीच्या क्षयरोग रुग्णालयात होते. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं, त्याच कामाची ही शाखा. मिशन प्रेस्बिटेरियन, आम्ही कॅथलिक. त्या काळी एकमेकांच्या चर्चची पायरीही आम्ही चढत नव्हतो. पण तिथल्या नर्सबाईंनी वडिलांना तुम्ही कुठल्या पंथाचे असं कधी विचारलं नाही, असं आई शेवटपर्यंत सांगायची. वडील बरे होऊन आले. गल्लीत मात्र बरीच वर्षं त्यांचा पेला वेगळा राहिला.

आपल्या घराघरांत लिझ्युच्या संत तेरेजाची तसबीर असते. गुलाब वाहतो आपण तिला. ती १८९७ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, क्षयानंच वारली. संताला झालेला आजार आपल्या सुनेला झाला, तर तिला माहेरी का धाडतो आपण?

मार्काच्या शुभवर्तमानात पक्षघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं, छप्पर उघडून प्रभूसमोर खाली सोडलं. येशूनं विश्वास पाहिला तो त्या चौघांचाही. आजारी माणूस एकटा तिथवर पोचलाच नसता. आपण धर्मग्रामात प्रार्थना पुष्कळ करतो. बाज उचलायला चौघं लागतात, ते आपल्यात कोण आहेत?

भीतीचं कारण नाही असं मी म्हणत नाही. उपचार सुरू होईपर्यंत आणि पहिले काही आठवडे जपावंच लागतं. मास्क, उघड्या खिडक्या, घरच्यांची तपासणी. पण औषध नीट चालू झालं की संसर्गाचा धोका झपाट्यानं उतरतो. बहिष्कार मात्र वर्षानुवर्षं उतरत नाही.

माझ्या सूचना साध्या आहेत. सरकारच्या 'निक्षय मित्र' योजनेत कुणीही व्यक्ती किंवा संस्था रोग्याच्या संमतीनं त्याच्या पोषक आहाराची जबाबदारी घेऊ शकते. आपल्या प्रत्येक चर्चनं निदान दोन रोगी घ्यावेत, धर्म न विचारता. रोग्याला सरकारकडून महिना हजार रुपये मिळतात, पण बँकेचे कागद अडतात. तिथं तरुणांनी मदत करावी. आणि मिस्सेत नाव न घेताही "क्षयानं आजारी असलेल्या आपल्या बंधुभगिनींसाठी" एवढं तरी म्हणावं. शब्द उच्चारला की अर्धी लाज गळते.

पाचव्या महिन्यात मी फादरकडे जाऊन गुडघ्याचं खोटं कबूल केलं आणि त्या रविवारी माझं नाव आजारासकट वाचायला लावलं. मिस्सेनंतर फाटकापाशी दोघं जण वेगवेगळे येऊन हळूच म्हणाले, "सर, आमच्या घरातही आहे."

त्यांना इतके दिवस थांबावं लागलं, कारण मी गप्प होतो.

— एक निवृत्त शिक्षक, बेळगाव