स्मरणशक्ती तपासता की शाळा?

सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर महिना, त्यामुळे ठिकठिकाणी ज्येष्ठांसाठी स्मृतितपासणीची शिबिरे होतात. हेतूबद्दल वाद नाही. अशाच एका शिबिरात माझ्या ८१ वर्षांच्या सासूबाईंना (मी त्यांना आत्याबाई म्हणते) ३० पैकी १७ गुण पडले आणि 'डिमेन्शियाची शक्यता' असा शेरा मिळाला. मी ३२ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आहे. मूल नापास झाले की आधी प्रश्नपत्रिका बघायची, ही जुनी खोड. ती मागून घेतली.

तेरा गुण गेले कुठे? तारीख, महिना, साल यांचे तीन. "आज आहेव नवमी, भादवा," असे आत्याबाई म्हणाल्या होत्या. उत्तर अचूक होते, पण त्याला रकाना नव्हता. शंभरातून सात-सात वजा करण्याचे पाच. त्यांचे शंभर म्हणजे पाच विसा. वाचन, लेखन आणि एकमेकांत अडकलेले पंचकोन यांचे तीन. पेन्सिल त्यांनी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा धरली. 'आपण कितव्या मजल्यावर आहोत' याचा एक. थोड्या वेळाने तीन शब्द आठवून सांगण्यात गेला तो फक्त एक.

ही चाचणी १९७५ साली अमेरिकेत शिकल्यासवरलेल्या समाजात तयार झाली. नुसते भाषांतर केल्याने ती आपली होत नाही. मूळ चाचणीत वजाबाकीला पर्याय म्हणून इंग्रजी शब्दाची अक्षरे उलट क्रमाने सांगायची असतात. मराठीत ते करायचे तर वेलांटी आधी की अक्षर? जोडाक्षर फोडायचे की नाही? माझ्या चौथीच्या वर्गातही यावर भांडण झाले असते. हरियाणातल्या बल्लभगढला संशोधकांनी १९९५ च्या सुमारास हिंदी चाचणी बांधली, ती निरक्षर खेडूत डोळ्यांसमोर ठेवूनच. शब्दाऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. 'डोळे मिटा' हे वाचून करण्याऐवजी समोरच्याचे पाहून करायला सांगितले. सिडनीत स्थलांतरितांसाठी २००४ मध्ये आलेल्या 'रुडास' चाचणीत चहा, तेल, अंडी, साबण अशी वाणसामानाची यादी लक्षात ठेवायची असते. आत्याबाई या यादीत चुकल्या असत्या, तर मीही घाबरले असते.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या साठीपुढच्या बायकांपैकी जेमतेम २८ टक्के साक्षर होत्या. उरलेल्या सगळ्यांवर हा शेरा मारत सुटायचे का?

यावर कुणी म्हणेल, मग काय अडाण्यांना सवलतीचे गुण द्यायचे? मुळीच नाही. चूक दोन्ही बाजूंनी होते. आमच्या ओळखीतले एक निवृत्त अधिकारी याच चाचणीत २८ गुण मिळवून आले आणि महिन्याभरात भाजी आणायला गेले ते घर चुकले. शिक्षणाच्या जोरावर त्यांचा आजार झाकला गेला. उलट निरक्षर म्हातारी खरोखरच विसरू लागली, तर 'साठी बुद्धी नाठी' म्हणून घरचेच सोडून देतात. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, ऐकू न येणे यांनीही माणूस विसराळू दिसतो, आणि त्यावर उपाय असतात.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने सखोल तपासणीचा संच तयार केला, तेव्हा पहिल्या भाषांत हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम होत्या, मराठी नव्हती. राज्याच्या आरोग्य विभागाने आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी शिबिरांसाठी तरी माणदेशी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणाऱ्या, शाळा न पाहिलेल्या ज्येष्ठांवर पारखलेली चाचणी द्यावी. तोवर आयोजकांनी निदान सोबत आलेल्या माणसाशी बोलावे: पैशांचा व्यवहार पूर्वीसारखा जमतो का, चुलीवरचे विसरते का, ओळखीची वाट चुकते का. घरच्यांना असे विचारणे ही चाचणीची मान्य पद्धतच आहे.

त्या शिबिरात मी आत्याबाईंच्या शेजारी दीड तास बसून होते. मला कुणी काहीही विचारले नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा